वाळू

"माती खाल्लीस तू, एर्विन," मी म्हटलं होतं,
पेन्शनीतून साठवलेलं सगळं
साडेचारशे लिटरच्या काचेत घातलंस तेव्हा.
तू म्हणालास, मी नाही, ते खाणार आहेत.

आणि माझ्या बाथटबात तीन दिवस वाळू धुतलीस.
अजून कधीमधी टाचेला लागते.

झाब्झेतले बाकीचे खाणवाले कबुतरं पाळतात,
छपरावर चढून शिट्ट्या मारतात, आभाळाकडे बघतात.
याला खालीच बघायचं असतं.
तपाजोस नावाच्या नदीतले, तांबड्या डोक्याचे,
ओस्त्रावाच्या बाजारातून आणले सहा, बोटाएवढे,
पिशवी कोटाच्या आत, पोटाशी धरून.

दिवसभर तोंड खुपसतात, वाळूचा घास घेतात,
घोळवतात, चाळतात,
हवं ते ठेवून बाकीची कल्ल्यांतून सोडून देतात
दोन्ही बाजूंनी, धुरासारखी.
एर्विन स्टूल ओढून बघत बसतो.
सत्तावीस वर्षं, सातशे मीटर खाली,
त्यानेही घेतलेत असे घास.
त्याचे आतच राहिले.
डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर धरली तेव्हा
मला वाटलं, छातीत बर्फ पडतोय.

तळाशी एक काळा दगड आहे, पाटीसारखा.
अठ्ठ्याऐंशी साली जेवणाच्या डब्यातून वर आणलेला.
त्यावर नेच्याचं पान उमटलंय, कुठल्या काळातलं कोण जाणे.
उकळला, व्हिनेगर टाकून पाहिला, मगच पाण्यात ठेवला.
पुढे सहांतून एक जोडी जमली
आणि नेमकी त्याच पानावर अंडी घालू लागली,
शिरेला शीर धरून.

पहिल्या खेपेची त्यांनीच गिळली.
दुसऱ्या खेपेचीही.
मी काही बोलले नाही. आमचंही पहिलं...
ते जाऊ दे.
"नवखे आहेत," तो म्हणाला, "शिकतील."

तिसऱ्या खेपेला तो हॉस्पिटलात,
आणि भर जानेवारीत आमच्या जिन्याची वीज गेली.
गेली हे आधी कानांनाच कळलं.
घरात दोन यंत्रं घरघरतात,
एक माशांना हवा देतं, एक त्याला.
त्याचं तर बंदच होतं आठवडाभर.
आता दुसरंही.

त्याची पिसांची रजई काढली,
काचेभोवती गुंडाळली, कपडे वाळवायच्या दोरीने आवळली.
वादळासाठी राखलेली मेणबत्ती लावली.
स्टूलावर चढले, या वयात,
आणि सुपाच्या पळीने पाणी उचलत राहिले,
वरून ओतत राहिले,
उचलत राहिले, पहाटे चारपर्यंत.

तेव्हा पाहिलं.
आईचा गळा फुगलेला, ओठ घट्ट.
बाप समोर आला, थांबला.
तिने तोंड उघडलं. पिल्लं बाहेर, चिमूटभर धूळ उडावी तशी.
त्याने ती टिपली, एकेक, घाई न करता,
एवढ्या मोठ्या भुकेच्या तोंडात,
एकही न गिळता.

खाणीच्या फाटकाशी मी डबा घेऊन जायचे तेव्हा
पाळी बदलताना असंच दिसायचं.
वर आलेला माणूस खाली जाणाऱ्याच्या खांद्याला हात लावायचा,
देव भलं करो म्हणायचा, बस.

ती वळली. आणि किती दिवसांनी कोण जाणे,
वाळूचा घास घेतला.

सकाळी त्याचा फोन. स्वतःचं काही सांगितलं नाही.
"किती?"
तोंडातली कशी मोजणार?
"बेचाळीस," मी ठोकून दिलं.
तो हसला, मग खोकला,
मग बराच वेळ नुसता श्वास,
आत जाणारा, आणि वाट शोधत बाहेर येणारा.
मी रिसीव्हर कानाशी धरून उभी.

"खोटं बोलतेस, त्रुदा."
"बोलते. घरी ये आणि मोज."

रजई अजून वाळलेली नाही.